गप्प आहे म्हणजे बंद नाही : बोरघाटापासून हायब्रिडपर्यंत तापलेल्या गाडीची गोष्ट

आजच्या एपिसोडमध्ये किल्ले नाहीत, तह नाहीत आणि लढायाही नाहीत. आज आपण पाण्याचा इतिहास बघणार आहोत. गाडीच्या पोटातल्या पाण्याचा.

मी रायगडची. मुरूड तालुक्यातलं घर, लोणेऱ्याला बीटेक, आणि आता पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर. आमच्या किनाऱ्यावर गेल्या दोन-तीन वर्षांत हायब्रिड गाड्या बऱ्याच दिसायला लागल्यात. मुंबईहून मांडव्याला रो-रो बोटीतून उतरणाऱ्या गाड्या बघितल्या तरी कळतं. आता मायलेजबद्दल सगळे बोलतात. पण ही गाडी तापली, घराच्या अंगणात उभी राहिली आणि मीटरवर लाल दिवा लागला, तर काय करायचं? हे विचारलं की आपल्याकडे मिळणारं उत्तर बहुतेक वेळा पद्मिनीच्या काळातलं असतं. त्यातलं अर्धं उत्तर आजही सोन्यासारखं आहे आणि उरलेलं अर्धं हात भाजवू शकतं. कुठलं अर्धं ठेवायचं आणि कुठलं सोडायचं, हे समजण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. चला.

पाणी उकळायचंच, ते भरत राहायचं

आधी एक साधा हिशोब. पेट्रोल जाळून जी ऊर्जा मिळते, त्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश गाडी ओढायला कामी येते. एक तृतीयांश धुरासोबत सायलेन्सरमधून निघून जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. ही शेवटची उष्णता बाहेर काढली नाही, तर पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटतो. आपण म्हणतो ना, "इंजिन सीझ झालं", ते हेच. म्हणजे मोटारीच्या जन्मापासून प्रश्न एकच आहे : ही उष्णता न्यायची कुठे?

२९ जानेवारी १८८६ ला कार्ल बेन्झ यांनी जर्मनीत आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या गाडीत आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. सिलिंडरभोवती पाणी असायचं, ते तापायचं, उकळायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. उडालं की पुन्हा भरायचं. तेव्हाची कूलिंग सिस्टिम एवढीच.

ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांची बायको बर्था बेन्झ ही गाडी घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. सोबत दोन मुलं होती आणि प्रवास शंभर किलोमीटरच्या आसपासचा. इंधन संपलं तेव्हा तिने विसलॉख गावातल्या औषधाच्या दुकानातून ते विकत घेतलं, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पण तिला इंधनापेक्षा जास्त वेळा पाण्यासाठी थांबावं लागलं. जिथे विहीर दिसेल, ओढा दिसेल, तिथे गाडी उभी. म्हणजे जगातल्या पहिल्या लांब मोटार-प्रवासातलं सगळ्यात नेहमीचं काम होतं पाणी भरणं. आपल्या आजोबांनी घाटात तेच केलं.

पुढची उडी विल्हेल्म मायबाख यांची. १९०० च्या शेवटी तयार झालेल्या मर्सिडीज गाडीसाठी त्यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या. पाणी तेच, पण त्याला हवा लागायला जागा प्रचंड वाढली. त्यामुळे पूर्वीपेक्षा निम्म्या पाण्यात काम भागायला लागलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे : रेडिएटरचं अर्धं काम पाणी करतं आणि अर्धं काम हवा करते.

१९०८ साली फोर्डची मॉडेल टी आली. सुरुवातीच्या थोड्या गाड्या सोडल्या, तर तिच्यात पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं आणि थंड पाणी जड होऊन खाली उतरतं. एवढ्यावर ते आपोआप फिरायचं. चहाच्या पातेल्यात पाणी फिरतं, तसंच. नंतर गाड्या जोरकस झाल्या आणि पंप आला. पंपाला इंजिनच पट्टा लावून फिरवायचं. पंखासुद्धा त्याच पट्ट्यावर. इंजिन फिरलं की पाणी फिरलं आणि हवाही फिरली. हे नातं पुढे बरीच दशकं तुटलं नाही. एक-दोन पिढ्यांच्या ड्रायव्हरांच्या हाताला याचीच सवय झाली.

बोरघाट : जिथे सगळ्यांची परीक्षा झाली

आता आपल्याकडे येऊ. खोपोलीहून खंडाळ्याला चढणारा बोरघाट आपल्या रायगड जिल्ह्यातूनच वर जातो. गाड्या जाऊ शकतील असा रस्ता इथे १८३० साली खुला झाला. १८६३ साली याच डोंगरातून रेल्वे वर चढली. गंमत बघा, रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाला पाणी उकळावंच लागायचं, त्यावरच ते चालायचं. मोटारीचं नेमकं उलटं : तिच्यातलं पाणी उकळलं की ती थांबायची. एकाच डोंगरावर पाण्याच्या उकळण्याचे दोन अर्थ.

घाटात गाडी का तापते? चढावर इंजिनाला जोर जास्त लावावा लागतो, म्हणजे उष्णता जास्त. वेग मात्र कमी, म्हणजे समोरून लागणारी हवा कमी. कमाई घटली आणि खर्च वाढला, असा प्रकार. त्यात एप्रिल-मे महिना असेल, मागच्या सीटवर पाच माणसं आणि कॅरियरवर होल्डॉल असेल, तर मग विचारूच नका.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना कुर्ल्याला. तिथे पुढे फियाटच्या परवान्याने गाड्या बनायला लागल्या आणि १९७० च्या दशकात त्यातल्या एका गाडीला 'पद्मिनी' हे नाव मिळालं. १,०८९ सीसीचं छोटं इंजिन. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे तीच. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या टॅक्सीतून अधिकृतपणे बाद झाली. पण आपल्या घरोघरी बाबा, काका, मामा ज्या गाडीवर चालवायला शिकले, ती बहुतेकदा हीच.

या गाडीने एक पूर्ण विद्या तयार केली. डिकीत पाण्याचा कॅन ठेवायचा. काट्यावर नजर ठेवायची. तापल्याचा वास आला की गाडी बाजूला घ्यायची. चाकाला दगड लावायचा, बॉनेट उघडायचं, इंजिन जरा चालू ठेवून पंखा फिरू द्यायचा. मग ओलं फडकं झाकणावर टाकून हळूच फिरवायचं, "फुस्स" झालं की मागे सरकायचं. ही विद्या कुठल्या पुस्तकात नव्हती. ती बघून बघून यायची. आणि त्या गाडीपुरती ती बरीचशी बरोबर होती, कारण पंखा आणि पंप दोन्ही इंजिनाला बांधलेले होते.

फक्त त्या फडक्याबद्दल बोलायला हवं, कारण तिथेच आजही लोक भाजतात. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरचं झाकण. आत दाब धरून ठेवला की पाणी शंभर अंशाला उकळत नाही, ते १२० च्या आसपास जाऊनही पाणीच राहतं. म्हणून तर कुकरमध्ये डाळ लवकर शिजते. पण तुम्ही झाकण उघडलंत की दाब क्षणात जातो आणि ११० अंशाचं शांत दिसणारं पाणी एकदम वाफ होऊन उसळतं. शिट्टी चालू असताना आपली आई कुकर उघडते का? नाही ना? मग गरम गाडीचं झाकण फडक्यानेही उघडायचं नाही. पद्मिनीचं नाही आणि हायब्रिडचं तर अजिबात नाही.

कोकणात बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?

हा प्रश्न मला गावाकडे नेहमी विचारतात. "थंड देशात पाणी गोठतं म्हणून ते घालतात, आपल्याकडे विहिरीचं पाणी चालतंय की!"

कूलंटमधला मुख्य पदार्थ म्हणजे ग्लायकॉल. परदेशात १९२० च्या दशकात तो गाड्यांत वापरात आला, तो गोठू नये म्हणून, हे खरं आहे. पण त्याची बाकीची दोन कामं आपल्याला लागू पडतात. एक, तो उकळण्याचं तापमान वाढवतो. दोन, त्यात गंज रोखणारी रसायनं मिसळलेली असतात. अलिबाग, उरण, पेणच्या खाडीलगत कित्येक विहिरींचं आणि बोअरचं पाणी खारट किंवा मचूळ असतं. ते अॅल्युमिनियमच्या इंजिनात फिरवलं तर आतून गंज आणि क्षार धरतात. घरातल्या पाण्याच्या हीटरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, तोच प्रकार. बारीक नळ्या बुजल्या की मायबाखने शंभर वर्षांपूर्वी केलेली सगळी मेहनत वाया.

आणि किनाऱ्यावर बाहेरूनही मार असतो. खारी हवा रेडिएटरच्या पातळ पत्र्यांना खाते. काशीद-नागावच्या वाळूवर गाडी नेली की वाळू जाळीत शिरते. पुण्याची गाडी आणि मुरूडची गाडी एकाच वर्षाची असली तरी रेडिएटरचं वय सारखं नसतं.

बोटीची धार

आता जरा समुद्राकडे बघू, कारण आमच्याकडच्या कोळी बांधवांना हा विषय आपल्यापेक्षा चांगला कळतो. मासेमारीच्या बोटीवर डिझेल इंजिन असतं. त्याला थंड करायला समुद्राचं पाणी वापरतात आणि ते काम करून झालं की बोटीच्या बाजूने बाहेर पडतं. इंजिन सुरू केलं की बघायचं काय, तर ती धार. धार नीट पडतेय म्हणजे पंप चालू आहे. धार बारीक झाली, तर कुठेतरी कचरा किंवा प्लास्टिक अडकलंय. धार बंद, तर इंजिन लगेच बंद. ना काटा, ना सेन्सर. डोळ्यांना दिसणारी एक धार.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला मॉनिटरिंग म्हणतो आणि त्यासाठी मोठे डॅशबोर्ड बनवतो. तत्त्व तेच : सिस्टिम ठीक आहे की नाही हे एका नजरेत कळलं पाहिजे.

माझ्या मते मोटारीच्या कूलिंगचा इतिहास हा धार लपत जाण्याचा इतिहास आहे. बर्थाला पाणी उकळताना दिसायचं. पद्मिनीवाल्याला वाफ दिसायची, पट्टा दिसायचा, पंखा दिसायचा. हायब्रिडमध्ये यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही.

हायब्रिडने नेमकं काय बदललं?

हायब्रिड ही कल्पना नवी नाही. फर्डिनांड पोर्श यांनी १९०० साली 'सेम्पर विवस' नावाची गाडी बनवली. तिच्यात पेट्रोल इंजिनं वीज बनवायची आणि चाकांतल्या मोटरी गाडी चालवायच्या. पण हजारोंच्या संख्येने खपणारी हायब्रिड यायला डिसेंबर १९९७ उजाडला. जपानमध्ये टोयोटाची प्रियस आली. भारतात २००८ मध्ये होंडा सिव्हिक हायब्रिड आली आणि २०१० मध्ये प्रियस. दोन्ही महाग, रस्त्यावर क्वचित दिसणाऱ्या. मध्यमवर्गाच्या आवाक्याजवळ हायब्रिड आली ती २०२२ मध्ये : सिटी हायब्रिड, हायरायडर, ग्रँड विटारा. म्हणजे आपल्या घरांत ही विद्या अजून तयारच झालेली नाही, कारण गाडीच नवी आहे.

आता तापण्याच्या बाबतीत तीन मोठे बदल झाले.

पहिला, इंजिन आणि पंप यांचं नातं तुटलं. २००९ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसच्या इंजिनावर एकही पट्टा नव्हता. पाण्याचा पंप विजेवर, एसीचा कॉम्प्रेसर विजेवर. आज बऱ्याच हायब्रिडमध्ये असंच आहे. म्हणजे "इंजिन चालू ठेव, पंखा फिरू दे" हा जुना सल्ला इथे लागू पडत नाही. इंजिन कधी चालवायचं आणि पंखा कधी फिरवायचा, हे संगणक ठरवतो.

दुसरा, तापणाऱ्या जागा वाढल्या. एक इंजिन. दुसरी जागा इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला हवी तशी करून देणारा डबा. तिसरी मोठी बॅटरी. इंजिन साधारण ९० अंशाला सुखात असतं. इन्व्हर्टरमधल्या इलेक्ट्रॉनिक्सला मात्र त्याहून बरंच थंड राहावं लागतं. म्हणून दोघांचं पाणी वेगळं, टाकी वेगळी, पंप वेगळा. आणि बॅटरीला कित्येक गाड्यांत केबिनमधली हवाच थंड करते. त्यासाठी मागच्या सीटजवळ एक छोटी जाळी असते.

इन्व्हर्टरचा पंप ही नुसती थिअरी नाही. २०१२ मध्ये टोयोटाने दुसऱ्या पिढीच्या प्रियस याच इलेक्ट्रिक पंपासाठी परत बोलावल्या होत्या. आणि गंमत ऐका. त्या गाडीत पंप चालतोय की नाही हे मेकॅनिक कसं बघायचे? इन्व्हर्टरच्या टाकीतल्या कूलंटमध्ये खळबळ दिसते का, ते डोकावून. पाणी हलतंय म्हणजे पंप जिवंत. कोळ्यांची धार! इतकं सगळं बदलून शेवटी बघायचं तेच.

तिसरा बदल सगळ्यात धोक्याचा. शांतता. जुनी गाडी चालू असेल तर कानाला कळायचं. हायब्रिड चालू असते आणि आवाज शून्य.

याचा अनुभव आमच्या घरचाच आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये बाबा काशीदच्या बाजूने घरी आले, अंगणात गाडी लावली आणि मीटरवर तापल्याचा लाल दिवा. त्यांनी मला व्हिडिओ कॉल केला तोपर्यंत बॉनेट उघडलेलं होतं आणि हात आत चालला होता.

मी म्हटलं, "बाबा, हात मागे घ्या आधी."

"अगं, गाडी बंदच आहे. आवाज तरी येतोय का?"

"मीटरवर रेडी लिहिलेलं दिसतंय का बघा."

ते दारातून वाकून बघून आले. "हो. हिरव्या अक्षरात आहे."

"मग ती बंद नाही बाबा. गप्प आहे."

आणि आम्ही बोलत असतानाच पंखा घर्रकन फिरायला लागला, पाठोपाठ इंजिनही. बाबा दोन पावलं मागे सरकले. चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, आणि त्यांचा कान पहिल्यांदा चुकला होता. यात त्यांचा दोष काय? त्यांच्या सगळ्या विद्येचा पायाच "आवाज नाही म्हणजे बंद" हा होता.

पण पुढचं ऐका. गाडी पूर्ण बंद केली, तासभर थांबलो. टाकीतली पातळी ठीक निघाली. मी फोनवरून आणखी काय बघायचं याची यादी सांगत होते, तेव्हा बाबा म्हणाले, "पाणी आहे ना? मग हवा कुठे अडली ते बघू." टॉर्च घेऊन खाली वाकले. पुढच्या बंपरच्या खालच्या जाळीत निळ्या ताडपत्रीचा हातभर तुकडा ओढला गेला होता. पावसाळ्यात आमच्याकडे पडवीला, लाकडाच्या ढिगाला सगळीकडे ती निळी ताडपत्री असते. तुकडा काढला, नंतर दिवा लागला नाही. रेडी म्हणजे काय हे मला माहीत होतं. हवा शोधायची हे त्यांना माहीत होतं. दोन्ही लागलं.

मग घरी करायचं काय? या क्रमाने

एक. गाडी खरंच बंद करा. आधी सुरक्षित जागी थांबवा, एसी बंद करा. मग पॉवरचं बटण दाबून रेडी गेलंय ना, ते डोळ्यांनी बघा. चावी गाडीपासून लांब, घरात ठेवा. बॉनेटच्या फटीतून वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत बॉनेटला हात लावू नका. काही गाड्यांत बंद केल्यावरही पंखा थोडा वेळ फिरतो, त्यामुळे बोटं लांबच.

दोन. तापलंय कोण, ते वाचा. लाल थर्मामीटरचं चिन्ह असेल तर इंजिनाचं पाणी. हायब्रिड सिस्टिम तापल्याचा मेसेज असेल तर इन्व्हर्टर किंवा बॅटरीकडे बघायचं. मीटरचा फोटो काढून ठेवा, कारण मेसेज नंतर गायब होतो. आम्ही इंजिनीअर याला लॉग जपणं म्हणतो, आणि मेकॅनिकचा निम्मा वेळ त्याने वाचतो.

तीन. हवा बघा. पुढची जाळी, बंपरच्या खालची जाळी : पानं, प्लास्टिक, चिखल, वाळू. हायब्रिडचा मेसेज असेल तर मागच्या सीटजवळची जाळीही बघा. गणपतीला गावी येताना आपण तिथेच पिशव्या आणि गाद्या कोंबतो. माणगाव-कोलाडच्या कोंडीत तास-तास एसी चालू आणि बॅटरीला हवाच नाही, मग ती तापणारच. रेडिएटर धुवायचा तर थंड झाल्यावर आणि हलक्या धारेने. गरम धातूवर गार पाणी मारलं तर तो तडकू शकतो, आणि प्रेशरच्या पाण्याने पातळ पत्रे वाकतात.

चार. पाणी बघा. गाडी पूर्ण थंड झाल्यावर, आणि झाकण न उघडता. टाकी अर्धपारदर्शक असते, पातळी 'लो' आणि 'फुल' या रेघांच्या मध्ये हवी. टाक्या दोन असतील, तर कुठली इंजिनाची आणि कुठली इन्व्हर्टरची हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या. आजच बघून ठेवा, अडचणीच्या दिवशी नको. पातळी कमी असेल तर मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच कूलंट घाला. अगदीच काही नसेल तर साधं स्वच्छ पाणी तात्पुरतं चालतं, पण मग गॅरेजला जाऊन ते बदलून घ्या. आणि खारं पाणी नको! सकाळी गाडीखाली रंगीत डाग दिसतो का, तेही बघा. डाग नाही आणि तरी पातळी रोज उतरतेय, मागून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्या. ते घरचं काम नाही.

पाच. पंखा आणि पंप. सगळं थंड झाल्यावर, पातळी ठीक असेल तर, गाडी रेडी करा आणि एसी लावा. बॉनेटजवळ हात न नेता बघा : पंखा फिरतोय? कुठून गळतंय? पंखा फिरत नसेल तर तिथेच थांबा. इथे सेन्सरही कामी येतो. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या कारला ठरावीक पद्धतीचं ओबीडी सॉकेट सक्तीचं झालं आणि नंतर ते आपल्याकडेही आलं. स्टेअरिंगखालच्या त्या सॉकेटमध्ये ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावला की कोड मोबाइलवर दिसतो. पी ०२१७ म्हणजे इंजिन प्रमाणाबाहेर तापलं. पी ०४८० म्हणजे पंख्याच्या सर्किटमध्ये गडबड. पी ०ए९३ म्हणजे इन्व्हर्टरचं कूलिंग नीट चालत नाही. कोड पुसून टाकायची घाई करू नका. पुसला म्हणजे बिघाड गेला असं नसतं.

सहा. कुठे थांबायचं. नारिंगी रंगाच्या जाड वायरी म्हणजे जीवघेण्या दाबाची वीज. त्यांना आणि त्या ज्या डब्यांत जातात त्यांना हात लावायचा नाही, झाकण काढायचं नाही. बॅटरीकडून जळका वास किंवा धूर आला तर माणसं लांब न्या आणि अग्निशमन दलाला फोन करा. गाडी ओढून न्यायची वेळ आली तर दोरीने बांधून नको. हायब्रिडची चाकं फिरली की मोटरही फिरते आणि वीज बनवते. आडव्या ट्रकवर, म्हणजे फ्लॅटबेडवर चढवूनच न्या. आणि "गॅरेज दहाच किलोमीटरवर आहे, हळूहळू नेतो" हा विचार लाल दिव्यासोबत करायचा नाही. त्या दहा किलोमीटरमध्ये इंजिनाचं डोकं वाकतं, आणि पाचशेचं काम लाखाच्या घरात जातं.

शेवटचं

काही लोक म्हणतात, "हायब्रिडमध्ये घरी करण्यासारखं काही उरलंच नाही, सगळं कंपनीचं." मला हे पटत नाही. आणि "आम्ही असल्या शंभर गाड्या हाताळल्यात" हेही पटत नाही. १८८८ पासून आजपर्यंत विचारायचे प्रश्न बदललेले नाहीत : पाणी आहे का, ते फिरतंय का, त्याला हवा लागतेय का? फक्त त्याआधी एक नवा प्रश्न आलाय : ही गाडी नक्की बंद आहे का?

आपल्या किनाऱ्यावर तर हे जास्तच कळीचं आहे. हायब्रिड समजणारं गॅरेज कित्येक गावांपासून तासा-दोन तासांवर आहे. पावसात दरड आली तर त्याहून लांब. तोवर गाडीपाशी आपण आणि घरातली मोठी माणसं, एवढेच असतो. त्यांच्या हातात जुनी विद्या आहे, आपल्याकडे मॅन्युअलची पीडीएफ आहे. रविवारी दहा मिनिटं काढा, दोघं मिळून थंड गाडीचं बॉनेट उघडा. दोन्ही टाक्या, पंखा, नारिंगी वायरी आणि मीटरवरचं ते रेडी त्यांना दाखवा. आणि घाटात ते गाडी कशी थंड करायचे, ते विचारा. रेकॉर्ड करून ठेवलंत तर फारच छान, आमच्याकडेही पाठवा.

हा एपिसोड घरच्या ग्रुपवर टाका, खासकरून जे "मला नको शिकवू" म्हणतात त्यांच्यासाठी. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत ऐकत राहा, सांभाळून चालवा.